ताईचं व्याख्यान

४ मार्च
रेक्टरनी वार्षिक व्याख्यानाला ताईला बोलावलंय! विषय — ईशज्ञानात प्रार्थनेचं स्थान. धर्मगुरू घडवणाऱ्या या सेमिनरीत इतकी वर्षं ईशज्ञान शिकवतेय मी, आणि बोलणार माझी नन बहीण. का? तर “सिस्टर प्रार्थना जगतात हो.” मग मी काय गवत उपटते?

५ मार्च
ताईचा फोन. “हल्लीचे अभ्यासक काय म्हणतात, मला समजाव ना गं.”
समजावलं. देव, कृपा, संस्कार — एकेकाला ग्रंथात ऐसपैस दालन मिळालं. प्रार्थना मात्र मागच्या दाराशी — ती भक्तीची बाब, विचारांची नव्हे! आता म्हणतात, देवाबद्दल बोलायच्या आधी देवाशी बोलावं लागतं.
“आणि ज्याला बोलताच येत नाही, त्याला देवाबद्दल काहीच कळत नाही?” हेच तिनं फिरूनफिरून विचारलं.
चडफडत फोन ठेवला. आयत्या बिळावर नागोबा!

९ मार्च
माझ्याच ग्रंथात प्रार्थना कुठे आहे ते उघडून पाहिलं. परिशिष्टात.

१२ मार्च
झालं एकदाचं. सभागृह खच्चून भरलेलं. “प्रार्थना ईशज्ञानाचं शेपूट नव्हे, श्वास आहे” — वाक्य माझं, फोनवर दिलेलं, टाळ्या तिला! आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. बाहेर पडताना मला म्हणाली, “तूही छान शिकवतेस हो.”
तूही! त्या ‘ही’नं जीव जाळला. लहानपणापासून हेच. पाठांतर माझं चोख, पण देव म्हणे ताईचं ऐकतो.

१३ मार्च
ताई घरी आली. मी तोंड फुगवून चहा ठेवला. अभिनंदन नाही की काही नाही.
“तुझा हेवा वाटतो गं,” ती म्हणाली.
“थट्टा पुरे, ताई.”
“थट्टा नाही. बाबा गेल्यापासून माझी प्रार्थना आटलीय. चॅपलमध्ये बसते, ओठ हलवते, बस्स. व्याख्यानाला हो म्हटलं ते त्या निमित्तानं तुला विचारता येईल म्हणून. वाटलं, परत कसं सुरू करायचं ते तुला ठाऊक असेल.”
चहा उतू गेला. दोघीही उठलो नाही.
मला काही ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं तिला.

१४ मार्च
सकाळी तिच्या कॉन्व्हेंटमध्ये गेले. चॅपलमध्ये तिच्या शेजारी गुडघे टेकले. मग मीच मोठ्यानं ‘स्वर्गातील बापा’ची प्रार्थना सुरू केली — “हे आमच्या...” ‘आमच्या’पाशीच अडले.
पुढचा शब्द ताईनं म्हटला.