बाळाबाईच्या मनगटापायी

तासगाव,
थंडीतला सोमवार

भाऊसो गड्या,

तुला कडक सलामासकट जयभीम, आणि वहिनींना हात जोडून. तुझा गुडघा जिना चढतोय का अजून खालच्याच खोलीत मुक्काम? वहिनींच्या खोकल्याला साताऱ्याची थंडी मानवत न्हाई, त्यांना कान बांधायला सांग. आमी खुशाल हाय. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो आणि बाळाबाई शेजारीच बसलेली असती. म्हणून हे पत्र.

तर आमची बाळाबाई दिवाळीच्या तोंडावर गोठ्यात घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर, भाकरी थापायची न्हाई. लगीन झाल्यापासून तिच्या हातची गरम भाकरी खाल्ल्याबिगर मी घराबाहेर पडलो न्हाई (पलटणीतली वर्षं सोडून, तिथलं खाणं तुला ठाऊक हाय). हात अडकल्यावर आपला आता काय उपयोग न्हाई असं तिला वाटाय लागलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. मला ते बघवंना. छाती काढून सांगितलं, उद्यापासून न्याहारी माझ्याकडं. ती प्लास्टरासकट हसली आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

आमच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, पुण्याहून लगेच विजेचं भांडं धाडलं. स्लो कुकर म्हणत्यात. रात्री ओट्स, दूध, पाणी घालायचं, बटण दाबून झोपायचं, सकाळी न्याहारी तयार. पहिल्या दिवशी मी पलटणीच्या लंगरच्या अंदाजानं माप घेतलं, सकाळी बघतो तर निम्मे ओट्स उतू जाऊन ओट्याखाली आणि मांजर त्यात. दुसऱ्या रात्री लाईट गेली ती उजाडल्यावर आली, भांड्यात थंडगार दूध आणि वर तरंगणारा भुसा. मग शेजारच्या शालूबाईनं (बेदाण्याच्या शेडवर कामाला जाती ती) मूठभर बेदाणे दिले. पंधरा दिवस राबून ही माणसं द्राक्षांचे बेदाणे करत्यात, माझ्या भांड्यानं एका रात्रीत त्यांची परत द्राक्षं केली. पुढं मात्र जमलं. बाळाबाई रोज वाटी घेऊन परसात उन्हाला जायची आणि रिकामी करून आणायची. कसं झालं विचारलं की "बरं हाय" एवढंच. मी लय फुगलो. त्यातच म्हशीचं दूध लिटरभर वाढलं, डेरीत फॅट चढली, मला वाटलं घराला माझा हात मानवला.

दहाव्या दिवशी सहज परसात गेलो. बाळाबाई डाव्या हातानं माझी न्याहारी म्हशीला चाटवत होती आणि शालूबाईनं कुंपणावरून दिलेली भाकरी स्वतः खात होती.

दिवसभर मी घरात पाऊल टाकलं न्हाई. वाईट वाटलं गड्या, तुझ्यापासून काय लपवायचं. संध्याकाळी तीच जवळ आली. म्हणाली, "आवं, ओल्या कागदाचा वास येतो त्याला. जोंधळ्याच्या कण्या टाका की." तिची आई म्हणं रात्री विझत्या चुलीवर कण्यांचं मडकं ठेवून झोपायची. मी भांड्यात कण्या टाकल्या, मीठ टाकलं, सकाळी ताक आणि वरून लसणाची फोडणी. तिनं माझ्यासमोर दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरीला वाटी पुढं केली. पलटणीत नाईकाची फीत लागली तवासुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

मागल्या पंधरवड्यात शालूबाईसंगं जाऊन ती प्लास्टर काढून आली. पण डॉक्टर म्हणं अजून महिनाभर जपायला सांगत्यात. तवा न्याहारी माझ्याकडंच हाय, आणि ओट्सचं नावसुद्धा या घरात निघणार न्हाई.

तुझा,
धोंडिराम

ता. क. तुझ्याकडं मिलिटरी कँटीनचं कार्ड हाय. ओट्सचे सहा डबे घेऊन एसटीनं धाड. म्हस रुसलीय, धारेला बसलं की लाथ मारती.

आणखी एक. काल बाजारात दवाखान्यातला कंपाउंडर भेटला. म्हणाला, मनगट झकास जुळलंय, भाकरीला तर डॉक्टरांनी त्याच दिवशी मोकळीक दिली. आज सकाळी बाळाबाई हात गळ्यात अडकवून माझ्यासमोर वाटी घेऊन बसली. मी कण्या दोन मुठी जास्तच टाकतोय. तू फोन केलास तर हाताची चौकशी कर, आणि ती "दुखतोय अजून" म्हणाली तर "जपा वहिनी" एवढंच म्हण.