बिनउंबऱ्याची मोटार

मुक्काम: शेवटी लिहीन
माघ, १९३७

प्रिय नीला,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या सोबतीला एक दुखरी कंबर. आशीर्वाद तुला, कंबर माझ्याकडेच राहू दे. तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की अण्णांचा मोटारीचा बेत खरंच अमलात आला की नेहमीप्रमाणे बाररूममध्ये चार वकिलांना ऐकवून जिरला. आला गं. मी हे पत्र त्या मोटारीतच थोडं थोडं करून लिहिते आहे, मांडीवर पोळपाट घेऊन, कारण सपाट म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू या घरात आहे. अक्षर वाकडं आलं तर रस्त्याला दोष दे. मी दमले आहे, पण हात अजून शाबूत आहे.

सगळं त्या विलायती साप्ताहिकामुळे झालं. कोर्टाला सुट्टी लागली तसे अण्णा ते बगलेत मारून घरी घेऊन आले. त्यात एका साहेब-मडमेचा फोटो होता. मोटारीलाच घर बांधून दोघं फ्रान्स, स्वित्झर्लंड असं फिरताहेत, आणि खाली लिहिलं होतं की हे कुठेही आधी जागा ठरवत नाहीत, संध्याकाळ होईल तिथे उतरतात. तळ्याकाठी मडम विजार घालून चहा ओतत होती. अण्णांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, मुक्काम आधी ठरवून निघतो तो प्रवासी नव्हे, कारकून. मी विचारलं, त्या मडमेनं चहाचं पाणी कुठून आणलं तेही लिहिलंय का? तर म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत पाणीच दिसतं. आता इतके दिवस गावोगावच्या विहिरी पाहिल्यावर मी सांगू शकते की मला बरोबर दिसत होतं.

मग त्यांनी बेळगाव-निपाणी रस्त्यावरची एक म्हातारी सर्व्हिस मोटार विकत घेतली आणि तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर भरमाही आला, माहेरच्या दासीसारखा. खासबागेतल्या सुतारानं आतली बाकं काढली, एक पलंग ठोकला, भांड्यांना फळी केली, पाण्याच्या पिंपाला कोपरा दिला, देवांना खुंटीजवळ जागा दिली. एका गोष्टीवरून मात्र त्याची आणि अण्णांची जुंपली. सुतार म्हणे, दाराला उंबरा बसवतो. घर म्हटल्यावर उंबरा पाहिजे आणि उंबऱ्याशिवाय लक्ष्मी थांबत नाही. अण्णा म्हणाले, बोटभरही लाकूड दारात नको. तो गरीब तीन वेळा समजवायला आला, तीन वेळा अण्णांनी त्याला उलटतपासणी घेतल्यासारखं परत पाठवलं. मी म्हटलं असेल काही विलायती पद्धत. त्याचा परिणाम असा, की चढ लागला की माझं स्वयंपाकघर दारातून बाहेर चालू लागतं. हत्तरगीच्या अलीकडे तांब्या गेला. संकेश्वराच्या चढावर बटाटे एकामागून एक उतरले आणि भरमा मोटार थांबवून त्यांच्यामागे पळाला. लक्ष्मीचं माहीत नाही, बटाटे उंबऱ्याशिवाय थांबत नाहीत हे मी शपथेवर सांगेन.

शपथेवरून आठवलं असं मी लिहिणार नाही, कारण मी ते विसरलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी तू आणि परशरामनं रजिस्टर लग्न केलंत. जावई खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि वर निपाणीत ड्रॉइंग मास्तर. या दोहोंतलं अण्णांना जास्त कशाचं दुःख झालं ते मला अजून नक्की कळलेलं नाही. त्या संध्याकाळी ओसरीवर अर्धी गल्ली जमली होती, तिच्यासमोर ते म्हणाले, नीला या घराचा उंबरा ओलांडणार नाही आणि मी तिच्या घराचा ओलांडणार नाही. रागात बोललेला माणूस चार दिवसांनी विसरतो. पण हे पडले वकील, स्वतःचं बोलणं यांना स्टॅम्पपेपरवर लिहिल्यासारखं वाटतं. मी एकटी तुझ्याकडे येऊ शकले असते. पण मी एकटी आले असते तर हे कायमचे एकटे मागे राहिले असते, ते हट्टानं तसेच म्हातारे झाले असते. आले तर यांना घेऊनच येईन असं मी मनाशी धरलं. तोवर टपाल चालू ठेवलं. माझ्या टेबलावर टपालाची तिकिटं कधी संपली नाहीत, नीला, आणि ती मी कधी आणलेली नाहीत.

आणि आता तुला सातवा सरून आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही, पण आपल्याच घरात ते दोन महिने कुणी उच्चारलं नाही. शेजारच्या अंबुबाईंनी विचारलं, नीलाला कधी आणताय? अण्णा त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होते, उलटं नव्हे, सरळच, पण एकाच पानावर दुपार गेली. दुसऱ्या दिवशी मोटारीचा बेत निघाला. मी मनात म्हटलं, लेक अवघडलेली आणि बाप युरोपला निघाला. मी मुकाट्यानं बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात डिंक, खारीक, हळीव, दोन कुंच्या आणि जुन्या लुगड्यांची दुपटी भरली आणि पलंगाखाली सारली. अण्णांनी विचारलं, यात काय? मी म्हटलं, मसाले. ते म्हणाले, बरं, मसाले वर ठेव, खाली ओल लागेल.

तर असा युरोपचा प्रवास सुरू झाला. पहिलंच ठिकाण काकती. अण्णांना वाटलं होतं माळावर शांतपणे सूर्यास्त पाहावा. मी त्यांचं धोतर धुऊन दोन बांबूंमध्ये वाळत टाकलं आणि भाकरी करायला आत गेले. बाहेर येऊन पाहते तर त्या पांढऱ्या धोतरासमोर साठसत्तर माणसं घोंगड्या अंथरून बसलेली. बायका पोरं घेऊन, म्हातारे तंबाखू मळत. त्यांना आम्ही फिरता सिनेमा वाटलो. अण्णा पुढे होऊन म्हणाले, आम्ही प्रवासी आहोत, येथे चित्र वगैरे काही नाही. कुणी हललं नाही. मागून एक बाई म्हणाली, चित्र न्हाय तर न्हाय, पेटी तरी वाजवा. शेवटी भरमानं हॉर्न वाजवून दाखवला तेव्हा मंडळी थोडी समाधान पावून उठली. धोतर त्या रात्री वाळलं नाही.

दुसरी अडचण स्वतः मोटारच. ती जन्मभर एकाच रस्त्यावर धावली आहे. जुना थांबा आला की भरमाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि लोकही ओळखीच्या मोटारीला हात करून सरळ आत चढतात. एका थांब्यावर एक बाई कोंबडी घेऊन चढली ती पलंगावर बसली आणि कमरेची पिशवी सोडून तिकीट मागू लागली. अण्णांनी तिला सांगितलं की हे घर आहे. तिनं चहूकडे पाहिलं, पिंप, देव, मी. म्हणाली, असंना का, मला कणगल्याला सोडा. सोडलं. आधी न ठरवलेला प्रवास म्हणतात तो हा. आम्ही सोडून सगळ्यांचे थांबे ठरलेले.

आणि उतरू तिथे एकच प्रश्न. काकतीला मराठीत, पाव्हणं कुणाकडलं? संकेश्वराला कानडीत, यार मनिगे बंदीरी? म्हणजे कुणाच्या घरी आलात. अण्णा सांगतात, कुणाकडेही नाही. ते ऐकून लोकांची तोंडं अशी होतात की जणू आमच्याकडे कुणी मयत झालंय. मग कुणी भाकरी आणतं, कुणी ताक, कुणी आपल्या घरी झोपायचा आग्रह करतं. अण्णा चिडतात, म्हणतात युरोपात कुणी विचारत नाही. मी म्हटलं, म्हणून तिथे चहा स्वतःच ओतावा लागतो.

मी ज्यात लिहिते त्या आपल्या मराठी साप्ताहिकाच्या संपादकांचं म्हणणं, आक्का, प्रवासावर काही खुसखुशीत लिहून पाठवा. नीला, खुसखुशीत म्हणण्यासारखे आता माझे गुडघेच उरलेत. प्रायमसच्या धुरानं डोळे गेले, पिंपाचं पाणी हिंदकळून पलंगाचं एक टोक कायम ओलं. पण खरा थकवा त्याचा नव्हता. तवंदीच्या घाटावरून निपाणी दिसते ना, तंबाखूच्या वखारींचे पत्रे उन्हात चमकतात? अण्णा तिथे मोटार थांबवायचे, खाली उतरायचे, हात मागे बांधून पाहायचे, आणि भरमाला म्हणायचे, परत फिरव. एकदा गडहिंग्लजला नेलं, काही कारण नसताना. एकदा गोकाकचा धबधबा दाखवला, माघात, जेव्हा त्यात धबधबा नसतो. मी तो कोरडा कडा पाहिला आणि काही बोलले नाही. माझं बोलणं संपतं असं तुला कधी वाटलं होतं का? मलाही नव्हतं.

काल कणगल्याच्या पुढे एका वस्तीपाशी उतरलो तर माणूस दिसेना. दारं लावून सगळे शेतात पळाले होते, मोटार पाहून त्यांना वाटलं प्लेगची लस टोचणारे आले. एकटी एक म्हातारी, मनुबाई, दारात बसली होती. तिला पळवेना. अण्णा जवळ गेले तसा तिनं पदर सारून दंड पुढे केला. म्हणाली, टोचा, पर हळू टोचा रं बाबा. मी पुढे होऊन खरं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि मोटार बघायची म्हणाली. काठी टेकत आली. दारात तिनं सवयीनं पाय उंच उचलला, उंबरा ओलांडायला, तर खाली काहीच नाही, पाय धपकन फळीवर पडला. मी धरलं म्हणून वाचली. म्हणाली, वकीलसायेब, हितं उंबरा न्हाय व्हय? अण्णा म्हणाले, मुद्दामच ठेवला नाही. ती पलंगावर टेकली, तेवढ्यात डबा तिच्या पायाला लागला. झाकण निघालं, कुंच्या दिसल्या. लेकीकडं चाललासा जणू, ती मला म्हणाली, लई उशीर करू नगासा, असल्या दिसांत पोरगीला आईचं लई ध्यान येतं. मी अण्णांकडे पाहिलं नाही. ते उतरून गेले होते.

आज सकाळी घाट आला. मोटार थांबली नाही. भरमानं सवयीनं वेग कमी केला तर अण्णा म्हणाले, चल.

तेव्हा मुक्काम लिहिते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी वखारीमागे जो माळ आहे, त्यातल्या चिंचेखाली आम्ही सकाळपासून उभे आहोत. पाव्हणं कुणाकडलं, हे इथेही विचारून गेले. अण्णांनी पहिल्यांदाच उत्तर दिलं, मास्तरांकडलं. पण पाय उतरेनात. एवढ्यात तू विहिरीवर आलीस. पोट चांगलं पुढे आलंय, चेहरा उतरलाय, जेवत नाहीस. तू भरलेली घागर कमरेवर घेतलीस आणि वळलीस. तुला आमची मोटार दिसली, पण जुनी सर्व्हिसची समजून तू पाहिलंच नाहीस. अण्णा इतका वेळ खिडकीशी होते. ते म्हणाले, तिला घागर उचलू देतात? दोन वर्षांत तुझ्याबद्दलचं हे त्यांचं पहिलं वाक्य. मग खिडकीपासून मागे सरून म्हणाले, तिला लिही, मला बोलावता येणार नाही. लिही की मी बोललो ते उंबऱ्याबद्दल बोललो होतो, तिच्या घराच्या आणि माझ्या घराच्या. या घराला उंबरा नाही. तेव्हा मला तो खासबागेतला सुतार आठवला, बटाटे आठवले, आणि मी इतके दिवस कुणाला हसत होते ते कळलं. जगात स्वतःच्याच शपथेविरुद्ध असा खटला चालवून जिंकलेला वकील दुसरा नसेल. डोहाळजेवण उद्या इथेच करू. सुईण तुझ्या ओळखीची बोलाव, परशरामला म्हणावं पाट रंगवायला घे, ड्रॉइंगचा काही उपयोग होऊ दे. दिवस भरेपर्यंत आणि त्यानंतरही ही मोटार हलणार नाही, भरमानं चाकांखाली दगड लावलेत. हे पत्र तोच घेऊन येतो आहे. त्याच्या हाती घागर दे आणि तू मोकळ्या हातांनी ये. सावकाश ये, पण खाली बघत बसू नकोस. दारात अडखळण्यासारखं काही नाही.

तुझीच,
आई