लिव्हर पसंत पडेपर्यंत

९ मार्च
नापसंत! आयुष्यात दुसऱ्यांदा.
पहिल्यांदा मेहकरच्या स्थळानं केलं होतं— 'मुलगी अंगानं जास्तच भरलेली आहे.' आज संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तेच माझ्या लिव्हरबद्दल सांगितलं. चरबी चढलीय म्हणे. भाऊला द्यायचा तुकडा असा चालणार नाही. तीन महिन्यांत उतरवा! भाऊजवळ त्याहून जास्त वेळ नाही.
मरणोत्तर दानातून लिव्हर मिळवायच्या यादीत त्याचं नाव आहेच. पण त्या यादीत नंबर लागणं म्हणजे लॉटरी.
लोक तोंड वाकडं करून विचारतात, 'घेत होते का?' हो, घेत होते. आमच्या प्रसेनजितभाऊनं बावन्न वर्षांत फक्त चहा घेतला. लिव्हर काविळीनं गेलं.

१२ मार्च
दवाखान्यातली आहारवाली, योगिनी. माझ्या लग्नानंतर जन्मलेली असावी. फोनवर म्हणे, 'ताई, नुसतं उपाशी नका राहू. चरबी जायला पाहिजे, स्नायू नाही. ऑपरेशननंतर उठायला ताकद लागेल.' म्हणून प्रथिनं भरपूर, भाकर-भात निम्मा, तेल चमच्यानं.
मी ऐटीत म्हटलं, आमच्या आईनं तेल कधी चमच्यानं ओतलं नाही!
खोटं. आई चमच्यानंच ओतायची. आणि चमचा लहान होता.

२० मार्च
भाऊला दुसरबीडहून इथं नांदुऱ्याला आणलं. त्याला मीठ बंद, मला तेल बंद. दोघांची ताटं एकत्र केली तरी एक धड जेवण होत नाही.
'काऊन वं समते, कोंबडीसारखी दाणे टिपून राह्यली?'
'तुह्यासाठीच टिपून राह्यली.'
'मंग नीट टिप. ते पाय, कोपऱ्यात मटकी राह्यली.'
सकाळी उठाबशा, मग पाण्याचे कॅन उचलणं. भाऊ पलंगावरून मोजतो. मुद्दाम चुकवतो. आमचे अविनाशराव पेपराआडून हसतात— नवरा असून!

२ एप्रिल
योगिनीनं विचारलं, लहानपणी प्रथिनं कशातून मिळायची? म्हटलं, उडदाच्या डाळीतून. आणि रविवारी— बाबांचा पगार झालेला असेल तर— मटणातून.
अख्ख्या पातेल्यात नळी एकच असायची. भाऊ मोठा, म्हणून त्याची. तो ती ताटावर ठोकून मला विकायचा. भाव ठरलेला: एका नळीला भूगोलाचा एक नकाशा. त्याच्या वहीतल्या सगळ्या नद्या माझ्या हातच्या. गुरुजींनी शाबासकी दिली ती त्याला!
आज हिशेब लागला. नळी म्हणजे निव्वळ चरबी. ही लिव्हरवरची चरबी बहुतेक तेव्हाचीच आहे. भाऊला सांगितलं. म्हणाला, 'मंग ते माहीच आहे. वापस दे.'

१४ एप्रिल
जयंती. चार घरची बुंदी नाकारली. चार घरं नाराज.

२३ एप्रिल
भाऊच्या पोटातलं पाणी काढलं. पाय सुजलेत. चेहरा पिवळा, डोळे त्याहून पिवळे. माझं वजन मात्र दहा दिवसांपासून हलत नाही. आज चिडून दीड भाकर खाल्ली, वर ठेचा, वर कच्चं तेल. आईच्या हाताची आठवण आली म्हणून खाल्ली, असं लिहिणार होते. भीती वाटली म्हणून खाल्ली.
योगिनी रागावली नाही. 'काटा थांबलाय ताई, दंड बघा की!' बघितला. गोळा आलाय. सत्तेचाळीसाव्या वर्षी! आईचा दंड असाच होता. ती ज्वारी कापायची.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. घरात खीर. भाऊनं वाटी पुढं ओढली— 'खिरीत मीठ कुठं असते?' मग मला म्हणे, 'तू नको खाऊ. मी सांगतो.' आणि घासाघासाला सांगत बसला.
'तांदूळ जरासा कच्चा राह्यला... आता गोड लागलं... विलायची तुह्या सासरची वाटते, हात आखडून टाकली...'
तीन चमच्यांत दमला. वाटी बाजूला सारली. म्हणाला, 'बाकीची ऑपरेशन झाल्यावर सांगीन.'
मी भांडी घासायला उठले. घासलेलीच होती.

२१ मे
पसंत! चरबी उतरली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर छान आहे. मेहकरकरांनो, ऐका! ३ जूनला ऑपरेशन.
भाऊला लिव्हरचा फोटो दाखवला. म्हणाला, 'चांगलं पोसलं वं.'

२९ मे
लिव्हर मिळालं. माझं नव्हे.
परवा पहाटे दवाखान्यातून फोन— ताबडतोब निघा, यादीतला नंबर लागला. बावीस वर्षांचा मुलगा, गाडी घसरली. नाव-गाव सांगत नाहीत. भाऊचं ऑपरेशन झालं, आज शुद्धीवर आला, पाणी मागितलं.
तीन महिने माझ्या ताटात काय आहे, एवढंच लिहीत होते. त्या दिवशी तो मुलगा घरून काय खाऊन निघाला असेल? की त्याची आई मागून हाक मारत राहिली— दोन घास तरी खाऊन जाय?