डावखुऱ्या बंदुकीचा बार

पूर्व केंटकी, २ जानेवारी

प्रिय ड्वाइट,

प्रिय हे सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस.

नोव्हेंबरात खालच्या खोऱ्यातला होबर्ट एक जुनी ठासणीची बंदूक घेऊन आला. दुकानदाराकडून दोन दिवस पारखायला आणलेली. म्हणाला, “लोर्ना, तुझ्या बापाच्या खालोखाल यातलं कळतं ते तुलाच. घेऊ का नको, एवढं सांग.” मी कापड सोडलं. घोडा डावीकडे. या डोंगरात बाबांनी डावखुऱ्यासाठी एकच बंदूक घडवली, आणि तो डावखुरा तू, त्यांचा लेक.

तरी गिऱ्हाइकाची म्हणूनच तपासली. आधी नळीत गज सोडला, अंगठ्याने खूण धरली आणि बाहेरून लावून पाहिला. ठिणगीच्या भोकापासून चार बोटं अलीकडेच अडत होता. बंदूक ठासलेली! गजाला पेच लावून उपसलं, तर गोळी नव्हतीच. नुसती दारू आणि वर बाबांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाची चिंधी. नाताळचा बार, ड्वाइट. त्याच्या आदल्या नाताळात तुझ्यासाठी ठासून त्यांनी ती खुंट्यांवर ठेवली होती. नाताळच्या सकाळी अंगणात घरचा पहिला बार तुझा, म्हणून मलाही हात लावू दिला नाही. तू उगवलास मार्चमध्ये, आम्ही चर्चला गेलेलो असताना, आणि ती उचलून नेलीस. विकण्याआधी गज टाकून बघावं, हेही तुला सुचलं नाही? आपल्याकडे पोरांना हे सगळ्यात आधी शिकवतात.

मग मी खोट शोधत बसले. मला ती खोट हवीच होती रे, होबर्टने नाद सोडावा म्हणून. नळी आणि लाकूड यांच्यात नख शिरेना, घोडा जागच्या जागी अडे. हात कापायला लागण्याआधीची बाबांची ती शेवटची बंदूक, दोन हिवाळे खपले होते तिच्यावर. होबर्टला म्हटलं, “खोट बंदुकीत नाही, मालकात आहे.” तो समजला. दुकानदाराचे पैसे त्याने भागवले आणि बदल्यात माझी बंदूक नेली, तुझी माझ्याकडे राहिली.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दिसायचं बंद झालं होतं, अंथरूण सुटत नव्हतं. तू बंदूक नेमबाजीला नेलीस, असं मी सांगितलं होतं. रोज एकच धोशा: “नाताळला आणील तो. त्याचा बार ऐकल्याशिवाय मला नाताळ वाटत नाही.” मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू “बघतो” म्हणालास.

नाताळच्या सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत वाट पाहिली. मग तुझी डावखुरी बंदूक उजव्या खांद्याला लावून मीच बार काढला. घोडा माझ्या तोंडाच्या बाजूला, भडका तोंडासमोरच उठला, भुवई जळाली. आत गेले तर बाबा हसत होते. “आला बघ! म्हटलं नव्हतं?” मी हो म्हटलं. “मग आत का येत नाही?” बारानंतर दारूची काजळी लगेच धुवायची, हा बाबांचाच दंडक; तोंडाला आलं ते बोलले, “बंदूक धुतोय, बाबा.” “धुऊ दे. आधी बंदूक,” म्हणाले आणि डोळे मिटले. दुपारच्या आत गेले.

शनिवारी पुरलं. फोन मुद्दामच केला नाही. सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगितलीय आणि तुलाही तीच सांगायचीय, म्हणून हे पत्र. कुणी विचारलं तर नाताळच्या सकाळी तू घरी होतास आणि अंगणात बंदूक धूत होतास. मेलेल्या बापाला खोटं पाडू नकोस.

बंदूक मी धुतली आहे.

तुझीच, काय करणार,
लोर्ना