शपथेची दोन क्रियापदं आणि रस्त्याकडची खोली

मी, ललिता आबाजी रोकडे, वय ५३, राहणार पोशीर, तालुका कर्जत, धंदा लोकांना टोचेल असं लिहिणे, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र करते. कर्जतच्या टायपिस्टाने पंख्याचं तोंड तासभर स्वतःकडेच ठेवलं, याचा निषेध आधी नोंदवावा.

१. बँकेतली शिल्लक, स्कूटर आणि घराची मागची दोन दालनं भाचा रूपेश याला. माझे छापील लेखही त्यालाच. वाचायची सक्ती नाही, रद्दीत घालायला मात्र मनाई आहे.

२. रस्त्याकडची खोली त्याला नाही. तिथे पौर्णिमा ओव्हाळ दर रविवारी इंग्रजी शिकवते. रूपेशला तिथे होमस्टे काढायचा आहे. म्हणतो, "मावशी, शनिवार-रविवारी मुंबईकर भाडं देतात गं. तुझी क्रियापदं काय देतात?"

प्रश्न रास्त आहे. अब्जुअर (abjure) आणि अड्जुअर (adjure) ही क्रियापदं माथेरानच्या कुठल्याही हॉटेलात कुणी मागवलेली नाहीत. दोन्हींच्या पोटात लॅटिनमधली शपथच. पहिल्यात शपथ घेऊन पाठ फिरवायची, दुसऱ्यात शपथ घालून समोरच्याला गळ घालायची. पौर्णिमाने हे सांगितलं तेव्हा वरच्या वाडीतल्या हिरूने विचारलं, "म्हंजे सासू मला गळ्याची शपथ घालून जेव म्हनते, ते?"

"ते अड्जुअर."

"आन तुमच्या हातचं खानार नाय म्हनते मी, ते?"

"शपथेवर म्हणालीस तर अब्जुअर."

"शपथेवरच म्हनलं व्हतं. मंग जेवले."

पुढची जोडी: फाउंडर (founder) हे क्रियापद म्हणजे बुडून तळाला जाणं, तळ याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. फ्लाउंडर (flounder) म्हणजे चिखलात धडपडणं. त्याचं मूळ विचारलं तर पौर्णिमा म्हणते, "नक्की कुणालाच माहीत नाही." हे वाक्य मी सरपंचांकडून, संपादकांकडून किंवा स्वतःकडून कधी ऐकलेलं नाही. एवढ्यासाठी खोली तिला, कायमची.

३. रूपेश, बाबा, तुला माझ्या गळ्याची शपथ घालते, या खोलीवरचा हक्क शपथेवर सोड. दोन्ही क्रियापदं एका वाक्यात बसली, पौर्णिमाला सांग.

४. वर्गाच्या चहाची साखर दर रविवारी एकाने आणायची, असा रिवाज आहे. घरमालकिणीला पाळी नसते असं मी परस्पर ठरवलं होतं. आज दोन किलो साखर पौर्णिमाच्या बरणीत ओतली. ती या मृत्युपत्रात धरू नये.

साक्षीदार: साईनाथ गायकर (सही), हिरू वाघमारे (सही, इंग्रजीत)

ललिता रोकडे
पोशीर, १६ नोव्हेंबर २०२५