बाराच्या घंटेला मरणारी गाडी

होळी, वसई
ता. ९ नोव्हेंबर १९७९

चि. प्लासिड यास आजीचा आशीर्वाद.

आम्ही सगळी बरी आहोत, तूही बरा असशील. अक्षर हिल्डाचं, जीभ माझी. चुका दिसल्या तर तुझ्या वहिनीच्या समज. केळींनी यंदा घड चांगले धरलेत. पानवेलही हिरवी आहे.

तुझ्या साहेबाच्या बागेतली ती बॅटरीची गाडी तू वाडीच्या कामाला पाठवलीस, ती चालते का, असं विचारलंस. चालते रे. सकाळी. दुपारी बाराला मरते. रोज.

तुझ्या भावानं, बर्नार्डनं, काय करायचं बाकी ठेवलं नाही. बॅटऱ्यांच्या टोकांवरचा पांढरा बुरा गरम पाण्यानं धुतला, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते चाचपलं. फुलपाड्याहून हरेश्वर वायरमन आला. दिवा लावून बघितला नि म्हणाला, "आजी, करंट भरपूर आहे. आता गाडीच्या मनात यायला हवं."

बर्नार्ड काय म्हणाला ते लिहायचं नव्हतं. पण हिल्डा पेन थांबवून माझ्याकडे बघते आहे. लिही गं बाई! म्हणाला, "वाडी टाकून गेला, आता भंगार पाठवून खिजवतोय." उद्या भंगारवाला बोलावला होता त्यानं. तू गेल्यापासून तो तुझं नाव घेत नाही, ते मी तुला काय सांगू?

मला मात्र राहून राहून वाटे, बारालाच का? उन्हानं म्हणावं तर काल आभाळ होतं, तरी मेलीच. म्हणून आज विहिरीच्या काठावर जाऊन बसले. देवळाची बाराची घंटा झाली. बर्नार्ड टोपी काढून गाडीवरच उभा राहिला नि प्रार्थना म्हणू लागला. गाडी गप्प. आपला बैलही घंटेला आपणहून थांबायचा, म्हणून पहिल्या दिवशी त्याला गाडीचं कौतुकच वाटलं होतं. भाविक म्हणे! आजही आमेन म्हणून परत बैठकीवर बसला, तर ती हलेना.

संध्याकाळी गाडी पुसताना हिल्डा ती पुढे-मागे न्यायचा दांडा मधोमध आणून ठेवते, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, "दांडा मधे आण बघू." आणला. चालू झाली!
"आता ऊठ."
उठला. मेली.
"आजी, ही काय जादू?"
"जादू तुझ्या बुडाखाली आहे. उचल ती बैठक."

खाली कळ निघाली. माणूस उठला की करंट तुटतो, नि दांडा मधे आणल्याशिवाय परत येत नाही. हिल्डा तो रोज मधे आणायची, म्हणून सकाळी चालायची. तुझ्या साहेबाला बाराला उभं राहायची सवय नसणार.

भंगारवाल्याला नको म्हणून निरोप गेला. बर्नार्ड मघापासून पडवीत येरझारा घालतो आहे. मला विचारतो, "ती कळ काढून वायर सरळ जोडली तर चालेल का?" मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं, ज्यानं पाठवली त्याला विचार. आणखी दोन येरझारा घातल्या नि म्हणाला, "नाताळाला येईल का तो?"

हिल्डा, हे जसंच्या तसं लिही.

याचं उत्तर दारात येऊन दे; टपालानं पाठवलंस तर मी ते कुणाला वाचू देणार नाही.

तुझी आजी
(अंगठा माझाच आहे)