नम्रताचा हात

चि. कान्हूस रोह्याहून ताईचा आशीर्वाद.

माझा गुडघा बरा हाय, पण डोकं तापलंय. इथल्या व्हिडिओ गेमच्या दुकानाची टीम गणपतीनंतर पेणच्या टीमशी खेळणार. आपली नम्रता सगळ्या पोरांना हरवते, मी तर बघून टाळ्या पिटते! तरी दुकानवाला प्रविण माझ्या नातीला टीममधी घेत नाय. म्हणतो, "आजी, मुलीचा हात लटपटतो." मेला! सुट्टीत तुझ्या कारखान्यात गणपतीचे डोळे कोण आखतं?

भावजयीचा खोकला गेला काय?

प्रविणची मूर्ती तुझ्याकडंच हाय ना? डोळे आखू नको, आम्ही रविवारी येतो, नम्रताच आखेल. तो न्यायला आला की डोळे दाखवून इचार, हात कुठं लटपटला? टीममधी घेतो म्हणेपर्यंत मूर्ती उचलू देऊ नको. बाप्पाला मी समजावते.

तुझी रागावलेली ताई,
धोंडुबाई